महाशिंपल्याची शेती

श्रोतेहो, कोकणातल्या माणसाला शिंपला म्हणजे काय हे सांगायला नको. ओहोटी लागली की बाया टोपल्या घेऊन खाडीत उतरतात आणि चिखलात, वाळूत बोटं घालून तिसऱ्या काढतात. देशावरच्या मंडळींनी नदीच्या वाळूत शिंपले पाहिलेले असतात. पूर्वी तर तान्ह्या बाळाला दूध पाजायला घरोघर शिंपीच वापरीत. दोन झाकणं, मागे एक बिजागरी आणि आत मऊ मांसाचा जीव, एवढाच हा संसार. मुठीत पाच-सहा सहज मावतील.

आता असा एक शिंपला डोळ्यांपुढे आणा, की ज्याचं एकेक झाकण उचलायला दोन गडी लागतील, ज्याच्या पोकळीत तान्हं मूल आरामात निजेल, आणि जो तराजूत घातला तर ज्वारीची दोन पोतीही त्याला पुरी पडणार नाहीत. ही कुणी रचलेली कहाणी नव्हे. इंग्रजीत या प्राण्याला जायंट क्लॅम म्हणतात. आपण त्याला महाशिंपला म्हणू. १८१७ साली सुमात्रा बेटाच्या वायव्य किनाऱ्याजवळ सापडलेल्या एका महाशिंपल्याची लांबी १३७ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फूट होती, आणि नुसत्या दोन झाकणांचं वजन २३० किलो भरलं होतं. पाठीचा कणा नसलेल्या, शिंपल्यात राहणाऱ्या प्राण्यांत याच्याहून जड प्राणी आज पृथ्वीवर नाही.

युरोपातल्या लोकांना याची ओळख फार पूर्वी झाली. मॅगेलनच्या तांड्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन गृहस्थ रोजनिशी लिहीत असे. १५२१ साली बोर्निओच्या बाजूच्या समुद्रात त्यांना असे शिंपले मिळाले. एकातलं मांस २६ पौंड भरलं आणि दुसऱ्यातलं ४४ पौंड, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. शास्त्रात या प्राण्याचं नाव ट्रिडॅक्ना. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तीनदा चावा घ्यावा लागणारा'. नाव ठेवणाऱ्यानं प्राण्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं, ते यावरून उघडच आहे! पण आज आपण त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू. कारण हा प्राणी शेतकरी आहे. तो शेती कशी करतो, ती कुठे पिकते, आणि एवढा बलाढ्य असूनही तो एकटा पडला की त्याचा वंश का खुंटतो, हे आज सांगायचं आहे.

प्रथम त्याचं घर पाहू. उष्ण प्रदेशातल्या उथळ, स्वच्छ समुद्रात पोवळ्याचे, म्हणजेच प्रवाळाचे खडक असतात. प्रवाळ हे अगदी लहान प्राणी. ते आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतात, आणि अशा लाखो घरांचे थर एकावर एक चढून समुद्रात मैल न् मैल लांबीच्या भिंती तयार होतात. या भिंतींवर, त्यांच्या आडोशाला आणि मधल्या पांढऱ्या वाळूवर महाशिंपला बसलेला असतो. आपली तिसरी वाळूत तोंड खुपसून राहते. हा मात्र बिजागरी खाली आणि तोंड वर करून, उताणा पडल्यासारखा बसतो. त्याच्या झाकणांच्या कडा नागमोडी असतात. दिवसा ही झाकणं उघडी असतात, आणि त्यांच्यामधून जाड, मांसल अशी झालर दोन्ही बाजूंना बाहेर पसरलेली असते. निळा, हिरवा, जांभळा, तपकिरी. त्यावर ठिपके, पट्टे, मोरपिसासारखी झाक. एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही. प्राणिशास्त्रात या झालरीला प्रावार म्हणतात. हा प्रावार म्हणजेच आपल्या शेतकऱ्याचं शेत.

शेत कसलं, ते सांगतो. पण त्याआधी एक कोडं. प्रवाळाच्या भोवतालचं पाणी काचेसारखं नितळ असतं. दिसायला फार सुंदर. पण पाणी नितळ का असतं? त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचे कण फार थोडे असतात म्हणून. आता शिंपल्याचं अन्न तर हेच. आपली तिसरी पाणी आत ओढते, कल्ल्यांच्या चाळणीतून ते गाळते, सापडेल ते खाते आणि पाणी बाहेर सोडते. खाडीचं पाणी गढूळ, म्हणजे अन्नानं भरलेलं. तरी तिथली तिसरी दोन-तीन बोटांएवढीच राहते. मग जिथं पाण्यात काही नाही, तिथं हा कुंभकर्ण पोसतो कशावर?

या कोड्याचा मागोवा घेणाऱ्यांत मॉरिस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव मोठं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला लागून ग्रेट बॅरियर रीफ नावाची प्रवाळांची प्रचंड रांग आहे. १९२८-२९ साली यंग यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी तिथल्या लो आयल्स या लहानशा बेटांवर वर्षभर मुक्काम ठोकून राहिली. तिथे त्यांनी महाशिंपल्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्याच्या झालरीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा तपकिरी, एकपेशी शैवालांची दाट वस्ती असते आणि हीच वस्ती त्याच्या भरभराटीचं कारण आहे, हे त्यांनी मांडलं. ही शैवालं नेमकी राहतात कुठे, याचा उलगडा मात्र १९९२ साली झाला. महाशिंपल्याच्या जठरातून एक नळी निघते, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा तिला फांद्या फुटतात, आणि या बारीक बारीक नळ्या साऱ्या झालरीभर पसरतात. शैवालं या नळ्यांत राहतात. पाटापासून चाऱ्या निघाव्यात आणि प्रत्येक वाफ्याला पाणी पोचावं, तशीच ही रचना आहे.

आता देवघेव पाहा. शाळेत आपण शिकतो, की हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशात पाणी आणि कर्बवायू यांच्यापासून साखर तयार करते. ही शैवालंही तेच करतात. त्यांनी केलेल्या साखरेचा मोठा वाटा महाशिंपल्याला मिळतो. शिवाय त्यांनी सोडलेला प्राणवायूही त्याच्या कामी येतो. बदल्यात तो त्यांना काय देतो? एक तर राहायला सुरक्षित जागा. दुसरं, आपल्या श्वासातून निघालेला कर्बवायू. आणि तिसरं, खत! प्राण्याच्या शरीरातून टाकाऊ म्हणून नत्रयुक्त अमोनिया बाहेर पडतो. आपल्या दृष्टीनं ती घाण, पण वनस्पतीच्या दृष्टीनं ते खत. गोठ्यातलं शेण शेतात जावं आणि शेतातला कडबा गोठ्यात यावा, तसा हा व्यवहार आहे. फरक एवढाच की इथे गोठा आणि शेत एकाच अंगात आहेत. हे नुसतं उपमेपुरतं नाही, बरं का. महाशिंपल्याची पिल्लं टाक्यांत वाढवणारे लोक पाण्यात थोडं अमोनियाचं खत घालतात, आणि पिल्लं जोमानं वाढतात.

म्हणजे तो पाणी गाळून खाणं सोडून देतो का? नाही. त्याचा जोडधंदा चालूच असतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की महाशिंपला चार सेंटिमीटरांचा असताना त्याच्या गरजेतला सुमारे दोन-तृतीयांश कर्ब गाळून घेतलेल्या अन्नातून येतो. तोच सतरा सेंटिमीटरांचा झाला की हा वाटा एक-तृतीयांशावर येतो. जसजसा तो मोठा होतो, तसतशी झालर रुंदावते, शेत वाढतं आणि तो बाहेरच्या भिक्षेवर कमी अवलंबून राहतो.

या शेतीतलं एक कसब तर आपल्या शेतकऱ्यांना फार आवडेल. दाट पेरलेल्या पिकाची अडचण आपल्याला ठाऊक आहे. वरची पानं ऊन खाऊन टाकतात आणि खालची पानं अंधारात पिवळी पडतात. उलट कडक ऊन थेट बसलं तर वरची पानं करपतात. महाशिंपल्यानं यावर तोड काढली आहे. झालरीच्या वरच्या पातळ थरात चकाकणाऱ्या पेशी असतात; मोरपंखी झाक येते ती त्यांच्यामुळेच. अ‍ॅलिसन स्वीनी या अमेरिकन संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की या पेशी शैवालांच्या उपयोगाचा तांबडा-निळा प्रकाश आत पसरवून सोडतात आणि उपयोगाचा नसलेला हिरवा-पिवळा बराचसा परत फिरवतात. त्यांच्याखाली शैवालं उभ्या ओळींत, खांबांसारखी रचलेली असतात. त्यामुळे वरून पसरत आलेला सौम्य प्रकाश ओळींच्या मधून खालपर्यंत पोचतो. ना कुणी करपत, ना कुणी उपाशी राहत. आपण आता छतावर सूर्याच्या उष्णतेचे आणि विजेचे पत्रे बसवतो. ही विद्या या मुक्या जिवाला केव्हाचीच अवगत आहे.

शेत आहे म्हणजे राखणही आली. इतकं मांस उघड्यावर टाकून बसायचं तर शत्रूची चाहूल लागलीच पाहिजे. झालरीच्या कडेनं शेकडो बारीक डोळे असतात. त्यांना भिंग नाही, नुसतं एक छिद्र. शाळेत मुलं खोक्याला भोक पाडून सूचिछिद्र कॅमेरा करतात ना, नेमका तसा. एखाद्या माशाची सावली पडली, की महाशिंपला झालर आत ओढतो आणि झाकणं मिटू लागतो.

या मिटण्यावरूनच त्याची बदनामी झाली. समुद्रात उतरलेल्या पाणबुड्याचा पाय त्यात अडकतो आणि माणूस बुडून मरतो, अशा गोष्टी अनेक पुस्तकांत आणि चित्रपटांत आल्या. पण महाशिंपल्यानं एखाद्या माणसाचा जीव घेतल्याचा विश्वासार्ह पुरावा आजवर मिळालेला नाही. झाकणं सावकाश मिटतात, आणि फार मोठ्या महाशिंपल्यांना तर ती पुरती मिटताही येत नाहीत. माणूस त्याच्या तावडीत सापडला नाही. तो मात्र माणसाच्या तावडीत सापडला. त्याची हकिकत पुढे येईलच. आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो: एवढ्या मोठ्या शिंपल्यात मोती केवढा असेल? मोती होतो, पण तो चिनी मातीच्या भांड्यासारखा दिसतो. त्याला मोत्याचं पाणी नसतं. फिलिपाइन्समधील पलावानच्या समुद्रात १९३४ साली मिळालेला असा एक मोती ६.४ किलो वजनाचा होता.

आता हा राहतो कुठे? या कुळात बारा-एक जाती आहेत, आणि त्या सगळ्या हिंदी महासागरात आणि पॅसिफिक महासागरात आहेत. पश्चिमेला तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा, उत्तरेला जपानची दक्षिणेकडची बेटं, दक्षिणेला ऑस्ट्रेलिया आणि पूर्वेला पॅसिफिकच्या मध्याच्याही पलीकडे असलेलं पिटकेर्न, एवढा त्याचा मुलूख. अटलांटिक महासागरात प्रवाळ आहेत, पण तिथे महाशिंपला नाही. सगळ्यांत मोठी जात ट्रिडॅक्ना गिगास ही आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम पॅसिफिक एवढ्याच भागात असते. सगळ्यांत दूरवर पसरलेली जात मॅक्झिमा. तिचं नाव मोठं, पण अंग बेताचं. ती फार तर हातभर होते. स्क्वॅमोसाच्या पाठीवर कौलांसारखे पापुद्रे असतात. क्रोसिया ही सर्वांत लहान, वीतभरही नाही. ती प्रवाळाच्या दगडात स्वतःला कोरून घेते आणि फक्त रंगीत ओठ बाहेर ठेवते. हिप्पोपस नावाची बहीण-जात आहे. त्या नावाचा संबंध घोड्याच्या पायाशी आहे, कारण शिंपला खुरासारखा दिसतो.

आपल्या देशात पाहायचं तर लक्षद्वीपच्या बेटांवर मॅक्झिमा आढळते; अंदमान-निकोबारमध्ये मॅक्झिमा, स्क्वॅमोसा आणि क्रोसिया आढळतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतील दीपक आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षद्वीपमध्ये बेटाबेटांवर पाण्यात उतरून मॅक्झिमाची मोजदाद केली आणि २०१० साली ती प्रसिद्ध केली. मग रत्नागिरी-मालवणात महाशिंपला का नाही? उत्तर त्याच्या शेतीतच आहे. त्याला ऊन हवं, आणि पाण्यात ऊन खोलवर जायला पाणी स्वच्छ हवं. सह्याद्रीवरून पावसाळ्यात धावत येणाऱ्या नद्या किनाऱ्याच्या समुद्रात गाळ ओततात आणि तो गढूळ करतात. तिसरीला हा गाळ मानवतो. महाशिंपल्याचं शेत मात्र त्यात अंधारात बुडेल. म्हणूनच मोठ्या जातीचा महाशिंपला वीसेक मीटर खोलीच्या आतच राहतो. जिथवर ऊन, तिथवर त्याची शेती.

श्रोतेहो, आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. ज्याला खायला प्यायला कुणाकडे जावं लागत नाही, ज्याच्या अंगावर चिलखत आहे, जो कित्येक दशकं जगतो, त्याला कमी काय? त्याला कमी एकच: पाय. पिल्लू असताना तो एका मांसल पायावर थोडाफार सरपटतो, चिवट धाग्यांनी खडकाला धरून राहतो. मोठ्या जातीचा महाशिंपला पुढे धागेही सोडून देतो आणि निव्वळ स्वतःच्या वजनावर जागा धरून बसतो. एकदा बसला तो बसला. मग त्याचा वंश वाढतो कसा?

महाशिंपला वयात येतो तो नर म्हणून. पुढे काही वर्षांनी तोच नरही असतो आणि मादीही. पण विणीच्या वेळी तो आधी शुक्रजंतू पाण्यात सोडतो आणि मग काही वेळानं अंडी. हे अंतर ठेवण्यात मर्म आहे. स्वतःच्याच बीजानं स्वतःची अंडी फळू नयेत, दुसऱ्याच्या बीजानं फळावीत, अशी ही सोय. अंड्यांबरोबर पाण्यात एक रासायनिक द्रव्य उतरतं. ते प्रवाहानं शेजाऱ्याकडे पोचलं की शेजारीही शुक्रजंतू सोडू लागतो. त्याच्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. गावात एका घरी होळी पेटली की आळीआळीनं पेटत जावी, तसं. मोठा महाशिंपला एका विणीत ५० कोटींपर्यंत अंडी सोडतो. एकेक अंडं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं. फळलेल्या अंड्यातून दिवसाभरात पोहणारा डिंभ तयार होतो, आठवडाभर किंवा थोडा अधिक काळ तो प्रवाहाबरोबर तरंगतो आणि मग जागा पाहून तळाशी बसतो. एवढ्या कोटींतून वाचतात किती? अगदी विरळा एखादा. बाकीचे माशांच्या पोटात जातात.

आणि आणखी एक गोष्ट. हा डिंभ जन्मतो तेव्हा त्याच्याकडे शेतीचं बियाणं नसतं. आईबापाकडून शैवालं त्याला वारशानं मिळत नाहीत. ती त्याला समुद्राच्या पाण्यातून मिळवावी लागतात. पण मोठ्या महाशिंपल्यांच्या विष्ठेतून जिवंत शैवालं बाहेर पडत असतात, आणि ती घेऊन पिल्लं आपली शेती सुरू करू शकतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे बियाणंही शेजारच्या वडीलधाऱ्यांच्याच अंगणातून येतं.

तेव्हा हा सगळा कारभार शेजारावर उभा आहे. शेजारी जवळ असले तर अंडं आणि बीज यांची गाठ पडते. शेजारी दूर गेले, मैलभर अंतरावर एकेकटे उरले, तर बीज पाण्यात विरून जातं. असा एकटा महाशिंपला पुढे पन्नास वर्षं जगेल, दर साली अंडीही सोडील. पण त्या अंड्यांतून काहीच निघणार नाही. पाहणाऱ्याला वाटतं, आहे की अजून इथे महाशिंपला! खरं पाहता त्या खडकावरचा त्याचा वंश संपलेला असतो. फक्त शेवटचा म्हातारा उरलेला असतो.

ही वेळ कुणी आणली? बेटांवरचे लोक महाशिंपला पिढ्यान् पिढ्या खात आले. ज्या प्रवाळबेटांवर कठीण दगड मिळत नाही, तिथे त्याच्या जाड झाकणापासून कुऱ्हाडी-वासल्या करीत. युरोपात त्याचे शिंपले चर्चमध्ये तीर्थाचं पात्र म्हणून ठेवीत. पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमधली अशी जोडी प्रसिद्ध आहे. हे सारं हातानं, होडीनं आणि गरजेपुरतं चाललं होतं, तोवर पुष्कळ ठिकाणी निभावलं. तरी मोठा शिंपला हाताला आधी लागतो, हे तेव्हाही खरं होतं. तांबड्या समुद्रात एक जात अशी आहे, की सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत तिचे शिंपले विपुल सापडतात, पण आज जिवंत नमुने मोजकेच आहेत. २००८ साली शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा माणसानं समुद्रातून खाद्य काढायला सुरुवात केल्यापासूनच ती ओसरू लागली असावी, असं त्यांनी म्हटलं.

मग यंत्राच्या बोटी आल्या. १९६० नंतरच्या दशकांत लांब पल्ल्याच्या परदेशी बोटी, विशेषतः तैवानच्या, ग्रेट बॅरियर रीफपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत चोरून शिरू लागल्या. त्यांना हवा होता झाकणं मिटणारा तेवढा जाड स्नायू. तो कापून घ्यायचा आणि बाकीचं सारं तिथेच फेकून द्यायचं. दोनशे किलोंच्या जिवातून मूठ-दोन मूठ मांस! त्यानंतर शिंपल्यावरच्या कोरीवकामाला गिऱ्हाईक वाढलं. हस्तिदंताला पर्याय म्हणून चीनच्या हैनान बेटावर हा धंदा २०१० नंतर फार फोफावला. दक्षिण चीन समुद्रात बोटींचे पंखे प्रवाळावर फिरवून खडक फोडायचे आणि जिवंत तसेच गाडले गेलेले जुने शिंपले उपसायचे, असा प्रकार चालला. २०१६ सालच्या आंतरराष्ट्रीय लवादाच्या निवाड्यातही त्याचा उल्लेख आला. २०१७ च्या आरंभापासून हैनान प्रांतानं या व्यापाराला बंदी केली. पण खडक फुटला तो फुटला. फिजी, ग्वाम, सिंगापूर या ठिकाणी सर्वांत मोठ्या जातीचा स्वाभाविक वंश नाहीसा झाला आहे, आणि २०२४ साली या जातीची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

जोडीला नवं संकट आहे उष्णतेचं. पाणी नेहमीपेक्षा दोन-तीन आठवडे जास्त तापलं की प्रवाळ आणि महाशिंपला या दोघांच्याही अंगातली शैवालं निघून जातात आणि प्राणी पांढरा फटफटीत पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली प्रवाळांवर हा घाला आला. पाणी लवकर निवलं तर शेत पुन्हा हिरवं होतं. नाही तर शेतकरी उपासमारीनं मरतो.

पण निराश होण्याचं कारण नाही. आता माणसानंच महाशिंपल्याची शेती सुरू केली आहे. पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवर १९८० च्या सुमारास ही विद्या चांगली हाती आली. टाकीत वीण करवायची, डिंभ सांभाळायचे, त्यांना शैवालं द्यायची, पिल्लं बसली की जाळीच्या पिंजऱ्यात समुद्रात ठेवायची आणि गोगलगायींपासून, माशांपासून राखायची. भाताचं रोप आधी वाफ्यात करून मग खाचरात लावावं, तसाच हा क्रम. फिलिपाइन्समध्ये मोठी जात संपल्यात जमा होती. तिथल्या विद्यापीठाच्या सागरविज्ञान संस्थेतील एडगार्डो गोमेझ या शास्त्रज्ञानं बाहेरून बियाणं आणून बोलिनाओ या गावच्या केंद्रात पिल्लं वाढवली आणि ती ठिकठिकाणच्या खडकांवर लावली. २०१९ साली गोमेझ वारले. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावलेले महाशिंपले आज हजारांनी आहेत. ही लावणी करताना एक पथ्य पाळतात: एकेक दूर दूर टाकायचा नाही, जवळ जवळ वस्ती करायची. कारण आपण वर पाहिलंच.

आपल्या देशात मॅक्झिमा, स्क्वॅमोसा आणि हिप्पोपस यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. वाघाला जे संरक्षण, तेच या शिंपल्यांना. म्हणून बेटांवर सहलीला गेलात आणि कुणी असा सुंदर शिंपला दिवाणखान्यासाठी विकत देऊ लागला, तर तो घेऊ नका. तो घेणं हा गुन्हाही आहे आणि तोटाही.

शिक्षकबंधूंना शेवटी एक सुचवतो. महाशिंपला वर्गात आणता येणार नाही, पण त्याची धाकटी भावंडं आणता येतील. बाजारातून चार तिसऱ्या आणा, नदीचे रिकामे शिंपले आणा. मुलांना बिजागरी दाखवा. आतल्या बाजूला स्नायू चिकटल्याचे गोल वण असतात, ते शोधायला सांगा. बाहेरच्या बाजूला अर्धचंद्राकार रेघा दिसतील. झाडाच्या खोडातल्या वलयांप्रमाणे त्या वाढीच्या खुणा आहेत. महाशिंपल्याच्या झाकणात तर दिवसादिवसाचे सूक्ष्म थर असतात, आणि त्यांवरून शास्त्रज्ञ हजारो वर्षांपूर्वी समुद्र किती उष्ण होता, हे वाचून काढतात. आणि मग मुलांना विचारा: ज्याला चालता येत नाही, त्याला शेजारी का लागतो? एखादं चुणचुणीत पोर लगेच सांगेल, की गुरुजी, आमच्या परसातल्या नर-मादी पपईचंही असंच आहे. पपईला निदान वारा आणि पाखरं आहेत. महाशिंपल्याला फक्त पाणी आहे, आणि त्या पाण्याच्या टप्प्यात असलेला दुसरा महाशिंपला आहे.

म्हणूनच त्याचं रक्षण करायचं तर एखादा नमुना राखून भागत नाही, त्याची आळीच्या आळी राखावी लागते.